डायलिसिसच्या रुग्णाला सेफेपिम द्यावे की पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम?

परभणी किंवा हिंगोलीकडून रात्री-बेरात्री नांदेडला हलवलेल्या, थंडी-ताप भरलेल्या डायलिसिसच्या रुग्णाला रक्ताच्या कल्चरचा अहवाल येण्याआधीच प्रतिजैविक सुरू करावे लागते आणि तेव्हा निवड पुष्कळदा या दोन इंजेक्शनांमध्ये होते. स्युडोमोनाससारख्या चिवट जंतूंवर दोन्ही चालतात. पोटातला संसर्ग असल्यास सेफेपिमला मेट्रोनिडॅझोल या आणखी एका प्रतिजैविकाची जोड द्यावी लागते (आणि तेही मेंदूला अगदीच निरुपद्रवी नाही), पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमला ती लागत नाही.

खरा फरक मेंदूपाशी पडतो. सेफेपिमचा सुमारे 85 टक्के भाग लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. त्यामुळे निरोगी माणसात दोन तासांत निम्मे होणारे त्याचे रक्तातील प्रमाण डायलिसिसच्या रुग्णात निम्मे व्हायला साडेतेरा तास लागतात, आणि साचलेले औषध मेंदूला शांत ठेवणाऱ्या गाबा या रसायनाच्या कामात अडथळा आणते. मग चौथ्या-पाचव्या दिवशी, ताप उतरत असतानाच, आबा मुलाला भावाच्या नावाने हाक मारू लागतात, पुढे धरलेल्या हाताचा पंजा मधूनच गळून पडतो, अंगाला बारीक झटके येतात. नातेवाईक ‘भ्रम झाला’ म्हणतात, डॉक्टर रक्तात साचलेल्या युरियाकडे बोट दाखवतात आणि पुढचा डोस चालूच राहतो. कधी तर आकडी बाहेरून दिसतच नाही, ती केवळ ईईजीत (मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखात) सापडते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याविषयी 2012 मध्येच सावध केले होते.

पिपरासिलिननेही मूत्रपिंड निकामी झालेल्यांना भ्रम आणि आकडी येऊ शकते. तरीही 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे अडीच हजार रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत भ्रम किंवा बेशुद्धी सेफेपिम गटात 20.8 टक्के, तर दुसऱ्या गटात 17.3 टक्के रुग्णांत आढळली. पिपरासिलिनने मूत्रपिंडाला अधिक इजा होते ही भीती मात्र त्या चाचणीत खरी ठरली नाही.

म्हणून पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल, तर माझा कौल पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमकडे आहे. त्यातले सोडियम अंगावर सूज असलेल्याच्या हिशेबात धरावे. सेफेपिमच द्यायचे ठरल्यास पहिल्या दिवशी 1 ग्रॅम आणि पुढे बहुतेक संसर्गांत रोज 500 मिलिग्रॅम, तेही डायलिसिसच्या दिवशी मशीनवरून उतरल्यानंतर, हा हिशेब केसपेपरवर लिहून ठेवावा. बोलणे बरळल्यासारखे झाले तर औषध थांबवून डायलिसिस लवकर करावे, कारण तीन तासांच्या एका डायलिसिसमध्ये शरीरातले सुमारे दोन तृतीयांश सेफेपिम निघून जाते.