क्यूएलसी प्लस: आपला लाईट बोर्ड आपणच मांडायचा

फुकटचं सॉफ्टवेअर म्हटलं की आमच्या लायनीतले लोक नाक मुरडतात. म्हणून मत आधीच सांगून टाकतो. कुडाळ, वेंगुर्ला, मालवण पट्ट्यात नाटकांना आणि जत्रेतल्या प्रयोगांना भाड्याने लाईट देणाऱ्याने महागडा बोर्ड घेण्याआधी क्यूएलसी प्लस, म्हणजे लॅपटॉपवरून रंगमंचाचे लाईट चालवणारं फुकटचं सॉफ्टवेअर, वापरून बघावंच. विंडोज, मॅक, लिनक्स, अगदी रास्पबेरी पाय या हाताएवढ्या कॉम्प्युटरवरही चालतं. मी त्याची चौथी आवृत्ती वापरतो.

त्यातला खरा माल म्हणजे व्हर्च्युअल कन्सोल. कोरी पाटीच ती. स्लायडर, बटण, फ्रेम जे हवं ते, हवं तिथे, हव्या त्या मापाचं मांडायचं. तयार बोर्डावर फेडर, म्हणजे वर-खाली सरकवायचे दांडे, नंबराने असतात, आणि ऐन अंधारात सातवर निळा होता की पिवळा, ते आठवत बसायचं. इथे मी स्लायडरवर सरळ ‘डावा पिवळा’ असं लिहितो आणि त्या बाजूचे सगळे पार (रंगमंचाचे डब्यासारखे दिवे) त्या एकाच स्लायडरला जोडून टाकतो. डीएमएक्समध्ये, म्हणजे दिव्यांना हुकूम पाठवणाऱ्या सिग्नलमध्ये, लाईटची पातळी ० ते २५५ अशी मोजतात, पण दिग्दर्शक ‘अर्धा कर’ म्हणतो तेव्हा १२७ कोण शोधणार? स्लायडरच्या सेटिंगमध्ये टक्के निवडले की काम झालं. वरची मर्यादाही घालता येते. जुन्या हॅलोजनला मी ९० टक्क्यांच्या वर जाऊच देत नाही. दिवा जास्त टिकतो, आणि मदतीला आलेल्या पोराने जोशात स्लायडर वरपर्यंत ढकलला तरी चिंता नाही.

राज्य नाट्य स्पर्धेतलं नाटक असेल तर क्यू लिस्ट, म्हणजे लाईटच्या बदलांची क्रमवार यादी, लावा. संहिता ठरलेली, तालमी झालेल्या. प्रत्येक क्यूला चढायचा-उतरायचा वेळ आधीच भरून ठेवायचा, की प्रयोगात एकच कळ दाबत पुढे जायचं. दशावताराला मात्र हे चालत नाही. तिथे लिहिलेली संहिताच नसते, आख्यान ठरतं आणि संवाद नट उभ्याउभ्या रचतात. राजा रंगात आला की दरबार पाऊण तास चालेल, नाहीतर दहा मिनिटांत सगळे अरण्यात. पुढचा क्यू कुठला हे पेटीवाल्यालाही ठाऊक नसतं, मला काय कळणार? अशा वेळी सोलो फ्रेम कामाला येते. एका चौकटीत मी मोठाली बटणं मांडली आहेत: गणपती, संकासुर, दरबार, अरण्य, युद्ध. एक दाबलं की आधीचं आपोआप उतरतं. पखवाजाची लय बदलली की बोट ‘युद्ध’कडे न्यायचं, बस. चौकटीबाहेर एकच उंच स्लायडर आहे, फक्त तोंडावरच्या लाईटचा. कारण रात्री दोन वाजताही आतून आवाज येतोच, ‘रे, तोंडार लाईट मार!’ ट्रिकसीनची (चमत्काराच्या दृश्यांची) बटणं लाल करून एका कोपऱ्यात लांब ठेवली आहेत, चुकून हात लागू नये म्हणून.

आता खटकणारं. माऊसने एका वेळी एकच स्लायडर हलतो. एका हाताने दिवस उतरवायचा आणि दुसऱ्याने रात्र चढवायची, ही फेडरवरची मजा इथे नाही. त्यावर उपाय म्हणजे आठ फेडरचा छोटा मिडी कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपला जोडायची खऱ्या फेडरची पाटी. ऑटो डिटेक्ट चालू करून फेडर हलवला की तो स्लायडरला जोडला जातो. दुसरं म्हणजे या आवृत्तीत अनडू (केलेला बदल मागे घ्यायची सोय) नाही, त्यामुळे कन्सोल मांडताना फाईल वेगवेगळ्या नावांनी सेव्ह करत जा. प्रयोगाला ऑपरेट मोडमध्ये गेलात की मांडणी हलत नाही, ते उत्तम. मागची पार्श्वभूमी आधी काळी करून घ्या, नाहीतर स्क्रीनचा उजेड पहिल्या रांगेतल्या आजोबांच्या डोळ्यांवर.

पहाटेचा प्रसंग एलईडीवर करणार असाल तर ऐका. ० ते २० टक्के म्हणजे जेमतेम ५१ पायऱ्या. तीस सेकंदांत चढवलं तर प्रत्येक पायरी अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ थांबते, आणि साध्या एलईडी पारवर सूर्य धक्के खात उगवतो. हा दोष सॉफ्टवेअरचा नाही. हॅलोजनची तार हळूहळू तापते, म्हणून तिथे तो झाकला जातो. मी पहाट अजून हॅलोजनवरच काढतो.

वेब अ‍ॅक्सेस चालू करून सॉफ्टवेअर उघडलं तर तोच कन्सोल मोबाईलच्या ब्राउझरवर दिसतो. इंटरनेट लागत नाही, फोनचा हॉटस्पॉट पुरतो. शिडीवर चढून स्पॉट फिरवताना खाली कुणाला ओरडून सांगायला नको, खिशातून फोन काढून आपणच पातळी चढवायची. एवढ्यासाठीसुद्धा मी हे सॉफ्टवेअर सोडणार नाही. लाईट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर सिग्नल पाठवत राहतो, आणि जनरेटर सुरू झाला की रंगमंच होता त्याच रंगात परत उजळतो.

पैसे टाकायचेच तर लॅपटॉपमधून दिव्यांना डीएमएक्स सिग्नल देणाऱ्या यूएसबी अडॅप्टरवर टाका. अगदी स्वस्तातले अडॅप्टर सिग्नलच्या वेळेचं सगळं गणित लॅपटॉपच्या गळ्यात घालतात. लॅपटॉप अपडेटमध्ये अडकला की इकडे राजाच्या मुकुटावर पार लुकलुकायला लागतात. स्वतःचा प्रोसेसर असलेला अडॅप्टर घ्या, साखळीतल्या शेवटच्या पारला १२० ओहमचा टर्मिनेटर (सिग्नल उलटा फिरू न देणारा प्लग) लावा, आणि पावसाळा संपला की एक्सएलआरच्या (सिग्नलच्या केबलच्या टोकाच्या प्लगच्या) पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून घ्या. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत त्या हिरव्या पडतात.