व्हॉट्सअॅप बिझनेसचा कॅटलॉग: भावाचा रकाना रिकामा नको

घरगुती फराळ, मसाले, साड्या विकणाऱ्यांना व्हॉट्सअॅप बिझनेस अॅपमधला हा फुकटचा कॅटलॉग, म्हणजे वस्तूंची फोटोंसह यादी, पुरतो: ५०० वस्तू, प्रत्येकीला १० फोटो. गोची एकच, किमतीचा रकाना ऐच्छिक आहे. तो रिकामा सोडला की ‘भाव काय?’चे मेसेज सुरू. उत्तर रात्री जातं, तोवर गिऱ्हाइकाने चकली दुसरीकडून घेतलेली असते. स्पर्धकाला भाव कळेल ही भीती फोल; तोही मेसेज करून विचारू शकतोच की!

वजनाला वेगळा रकाना नाही, म्हणून ते नावातच घाला: ‘भाजणीची चकली, ५०० ग्रॅम’. पाव किलोची नोंद वेगळी करा. किमतीत फक्त आकडा बसतो; ब्लाउजच्या शिलाईसारख्या कामाला ‘६५० पासून’ हे वर्णनात लिहा आणि अस्तर धरलंय का तेही सांगा. कुरिअरचा खर्चही तिथेच. तो शेवटी सांगितला की ऑर्डर हमखास फिसकटते.

पुढे स्वतःची वेबसाइट काढलीत, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे एकूण किंमत आणि पाठवणी, कर यांची फोड दाखवावीच लागते. आधी न सांगता शेवटी आडून आडून भाव वाढवण्याला २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणारी मांडणी, ठरवलंय.