फुटसाल बॉल : सात महिने वापरल्यावर

कोल्हापुरात पेठेत वाढलेलं पोर शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल मॅचा बघतच मोठं होतं, त्यात आपला अनिकेत जाधव २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपला खेळल्यापासून तर विचारूच नका. माझा मुलगा अकरा वर्षांचा, पळतो जोरात, किकही दणदणीत, पण पास आला की बॉल पायाला लागून दोन हात लांब उडायचा. घरी पाच नंबरचा बॉल होता, मोठ्या पोरांचा, त्यावरच सराव चालायचा, ही माझीच चूक.

ब्राझीलचे रोनाल्डिन्हो, नेमार लहानपणी फुटसाल, म्हणजे छोट्या कोर्टवरचा पाच-पाच जणांचा फुटबॉल, खेळले हे माहीत होतं म्हणून हा बॉल घेतला. चार नंबर, घेर ६२ ते ६४ सेंमी, वजन ४०० ते ४४० ग्रॅम, म्हणजे आकार लहान पण वजन जवळपास पाच नंबरएवढंच. दोन मीटरवरून सोडला तर पहिला टप्पा फक्त ५० ते ६५ सेंमी उसळतो. खरी गंमत इथंच आहे, बॉल जमिनीलाच राहतो त्यामुळे पोराचा वेळ त्याच्यामागं पळण्यात जात नाही, पायाशी खेळण्यात जातो.

सुरुवातीला मी हवा टम्म भरली आणि तो साध्या बॉलसारखाच उडायला लागला, दोन आठवडे फुकट गेले. व्हॉल्व्हजवळ छापलेलं प्रेशर बघूनच भरा.

रोज गच्चीवर वीस मिनिटं, भिंतीवर पास मारायचा, परत आलेला तळव्याखाली दाबायचा, मग डाव्या पायानं तेच. डाव्या पायाला तो कंटाळायचा, रडला पण एकदा. तिसऱ्या महिन्यात मॅचमध्ये दोघं अंगावर आले असताना त्यानं तळव्यानं बॉल मागं ओढला आणि डाव्या पायानं पास दिला, मी बाहेर उभा होतो, डोळ्यात पाणीच आलं.

तक्रार एकच, खडबडीत कोब्यावर चार महिन्यांत वरचं कातडं सोलवटलं. गुळगुळीत फरशी असेल तर जास्त टिकेल असं वाटतं. चिखलात तर नेऊच नका.

आणि वरून येणारा बॉल घ्यायचा सराव यावर होत नाही. म्हणून रविवारी मैदानावर साधा चार नंबरचा फुटबॉल नेतो, मी हातानं वर टाकतो, तो मांडीवर नाहीतर छातीवर घेतो, हेडिंग अजून सुरू केलेलं नाही.