पावडरचा डबा की नाचणीची आंबील?

घरात गोड बातमी कळली की आठवड्याच्या आत कोणीतरी गरोदर बाईने दुधातून घ्यायच्या पौष्टिक पावडरचा डबा घेऊन येतं. आमच्याकडे दोन आले. एक मित्राने दिला, दुसरा मीच मेडिकलमधून आणला होता. त्याच सुमारास आईने आमच्या बेळगावच्या रविवार पेठेतून दोन किलो नाचणी आणून ओट्यावर ठेवली. सुरुवातीला महिनाभर पावडर चालली, नंतर आंबील. सकाळी उद्यमबागला कामावर जाण्याआधी बायकोला दोन्ही मीच करून देत होतो, त्यामुळे दोन्हीचं सुखदुःख जवळून पाहिलं.

एक आधीच सांगतो. यातलं काहीही निवडलं तरी फॉलिक ॲसिड, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुटत नाहीत. त्यांचं काम पावडर करत नाही आणि आंबीलही करत नाही.

पावडरच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. दुधात दोन चमचे घातले, ढवळलं, झालं. बहुतेक डब्यांत प्रथिनं, डी जीवनसत्त्व, बी-१२ असतं. घरात अंडी-मासे चालत नसतील, तर बी-१२ चा मुद्दा खरोखर महत्त्वाचा आहे, कारण ते नाचणीतून मिळत नाही. बायको नोकरीला जाणारी असेल आणि घरात करणारं दुसरं कोणी नसेल, तर डॉक्टरांना विचारून पावडर घ्यावी. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काहीच नाही.

आमचं अडलं ते वासावर. डब्याचं झाकण उघडलं की येणारा तो गोड व्हॅनिलाचा वास मला आवडायचा. बायकोला मात्र गरोदरपणाचा दुसरा महिना संपता संपता तो स्वयंपाकघराच्या दारातूनच लागायला लागला. गरम दुधात देऊन पाहिलं, गार दुधात दिलं, निम्मं पाणी घातलं. ‘मी पितो की, खरं पोटात राहतच नाही,’ असं म्हणून ती डोळे मिटून प्यायची आणि दहा मिनिटांत मोरीकडे जायची. पावडर तर जायचीच, आधी खाल्लेली अर्धी भाकरीही जायची. पेला लिंबाच्या सालीने घासला तरी ती साधं पाणी पितानाही आधी पेला नाकाशी नेऊन बघायची. घरातल्या पाण्याचीच तिला धास्ती बसलेली पाहून त्या दिवशी मी डबा वरच्या फळीवर ठेवला. प्रत्येकीला असं होईलच असं नाही. माझ्या मावसबहिणीने तीच पावडर नऊ महिने आनंदाने घेतली.

आंबिलीला वास नाही म्हटलं तरी चालेल. रात्री दोन मोठे चमचे पीठ पाण्यात कालवून झाकून ठेवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात सोडून गुठळी होऊ न देता चांगलं शिजवायचं. पुरतं निवल्यावर घरचं ताक, मीठ आणि जिरेपूड. ती घोट घोट करत तासभर प्यायची आणि ते पोटात टिकायचं. मला तेवढंच हवं होतं.

आता आंबिलीचा त्रासही सांगतो. पीठ मोडाच्या नाचणीचं असेल तर उत्तम, कारण मोड आल्यावर त्यातलं लोह आणि कॅल्शियम अंगी लागणं सोपं होतं. खरं बेळगावच्या जुलैत मोड आलेली नाचणी वाळवणं म्हणजे परीक्षाच. पहिली किलोभर नाचणी पंख्याखाली तीन दिवस पसरली होती. चौथ्या दिवशी तिला कुबट वास आला आणि सगळी टाकून द्यावी लागली. बुरशीची शंका आली की गरोदर बाईला ते देऊच नये. पुढच्या वेळी थोडी थोडी करून मंद आचेवर कढईत कोरडी केली, मग गिरणीत दिली.

शिवाय नाचणीचं जितकं कौतुक होतं तितकं एका वाटीत नसतं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं हे खरं, पण आंबिलीला लागतं ३० ग्रॅमच्या आसपास पीठ, म्हणजे हाती येतं जेमतेम १००. गरोदर बाईची रोजची गरज आहे १००० मिलीग्रॅम. म्हणून ताक हवं, दूध हवं, जेवणात डाळ, पालेभाजी, चालत असेल तर अंडं हवं. आंबील हा जेवणाला जोड आहे, जेवण नव्हे.

आणखी दोन गोष्टी दोन्हीकडे लागू आहेत. लोहाची गोळी दुधाबरोबर, ताकाबरोबर किंवा चहाबरोबर घेऊ नये. आम्ही ती दुपारी जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर देत होतो आणि कॅल्शियमची गोळी रात्री. दुसरं म्हणजे साखर. तपासणीत साखर जास्त निघाली तर गोड पावडर आणि गूळ घातलेलं नाचणीचं सत्त्व दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ताकातल्या आंबिलीत गूळ लागत नाही, हा मला तिचा फायदाच वाटतो.

अंगणवाडी जवळ असेल तर तेही सोडू नका. कर्नाटकात २ ऑक्टोबर २०१७ पासून मातृपूर्ण योजनेत गरोदर आणि बाळंत बायकांना दुपारचं गरम जेवण मिळतं, त्यात अंडं आणि दूधही असतं. रोज जाऊन यायला जमत असेल तर पावडरच्या खर्चाचा विचारही करावा लागणार नाही.

सातव्या महिन्यात ती माहेरी निपाणीला गेली, तेव्हा बॅग भरताना मी दोन्ही डबे समोर ठेवले. तिने पिठाचा उचलला. पंधरा दिवसांनी सासूबाईंचा फोन आला, ‘जावईबापू, पीठ संपलंय, येताना घेऊन या की.’