२६९, २७० आणि बंद दारं : ग्वाल्हेरातल्या एक दिवसाच्या अभिरूप लोकसभेचं परीक्षण

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठी मंडळांमध्ये सध्या एक दिवसाची अभिरूप लोकसभा भरवली जाते. विषय एकच : ज्या सरकारकडे स्वतःचं बहुमत नाही, ते सभागृहातलं अटीतटीचं मतदान कसं निभावतं. चालवणारे संच घेऊन येतात. सभागृह आणि माणसं मंडळाची. वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. माणशी साडेतीनशे रुपये, त्यात दोन वेळचा चहा, नाश्ता आणि जेवण. पहिल्या दोन फेऱ्यांसाठी हा कार्यक्रम जरूर बोलवावा. तिसरी फेरी मात्र आयोजकांशी आधी बसून दुरुस्त करून घ्यावी, नाहीतर चुकीची समजूत घेऊन माणसं घरी जातात.

मांडणी चोख आहे. ५५ खुर्च्या : एक अध्यक्ष, सरकार पक्षाचे २५, मुख्य विरोधी पक्षाचे २४, बाहेरून पाठिंबा देणाऱ्या प्रादेशिक पक्षाचे ३ आणि २ अपक्ष. संचात प्रत्येकाचं सभासदपत्र, हिरव्या-लाल-पिवळ्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे, पितळी घंटा, पक्षादेशाचे छापील कागद आणि आठ पानी नियमपुस्तिका. हिरवी चिठ्ठी होकाराची, लाल नकाराची, पिवळी तटस्थाची. खऱ्या लोकसभेतही रंग हेच. चिठ्ठ्या जुन्या काळातल्या वाटतात, पण त्या आजही लागतात. १७ डिसेंबर २०२४ रोजी एकत्र निवडणुकांचं विधेयक मांडताना यंत्राने आधी २२० विरुद्ध १४९ दाखवले. चिठ्ठ्या धरून अंतिम आकडा २६९ विरुद्ध १९८ झाला.

२५, २४, ३ आणि २ ही विभागणी ज्याने केली त्याला विषय नेमका कळलेला आहे. तिघांच्या पक्षाने विरोधात मत दिलं आणि दोन्ही अपक्ष सरकारकडे राहिले तर २७-२७. तेच तिघे सभात्याग करून बाहेर गेले तर सभागृहात ५१ उरतात आणि सरकारला दोनांपैकी एकच अपक्ष पुरतो. तिघे आणि दोन्ही अपक्ष, पाचही बाहेर गेले तर २५-२४ ने सरकार सुटतं, एकही नवं मत न मिळवता. पहिल्या तासातच लोकांच्या लक्षात येतं की राज्यघटनेच्या अनुच्छेद १०० मध्ये मोजले जातात ते ‘हजर राहून मत देणारे’, एकूण सदस्य नव्हेत. वर्तमानपत्रांनी आपल्या डोक्यात लोकसभेच्या पूर्ण बहुमताचा २७२ हा आकडा इतका ठोकून बसवला आहे की ही गोष्ट शिकवून सहसा पटत नाही. इथे ती खेळून पटते.

पुस्तिकेत या मुद्द्यावर खरं उदाहरण नाही, ते घालायला हवं. ५ डिसेंबर २०१२ रोजी किरकोळ व्यापारातल्या परकीय गुंतवणुकीविरुद्धचा ठराव लोकसभेत २१८ विरुद्ध २५३ असा पडला. २५३ म्हणजे २७२ च्या बरेच खाली. समाजवादी पक्षाचे २२ आणि बहुजन समाज पक्षाचे २१ खासदार मतदानाआधी बाहेर पडले होते. या ४३ जणांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं असतं तर २६१ झाले असते आणि सरकार हरलं असतं. दोन्ही पक्षांनी भाषणात विरोध केला, मतदानात सरकारला वाट करून दिली. अल्पमतातल्या सरकारचा संसदीय कामकाज मंत्री मतं मागतो त्यापेक्षा अशा सभात्यागाची बोलणी जास्त करतो, कारण छोट्या पक्षाला गावी जाऊन ‘आम्ही सरकारला मत दिलं नाही’ असं सांगता येतं.

दुसरी फेरी अविश्वास ठरावाची. सूचना सकाळी दहाच्या आत लेखी द्यायची, ठरावाला अनुमती मिळायला ५० सदस्यांनी उभं राहायचं (खेळात ५), आणि अनुमती मागितल्यापासून दहा दिवसांच्या आत चर्चा. हे सगळं लोकसभेच्या नियम १९८ ला धरून आहे. विश्वासदर्शक ठरावाला मात्र असा स्वतंत्र नियम नाही. तो साध्या प्रस्तावासारखा येतो आणि पंतप्रधान स्वतः मांडतात. हा फरक आयोजक फळ्यावर लिहितात, पण त्याचा परिणाम सांगत नाहीत. अविश्वास ठरावात माणसं गोळा करून आणायचं ओझं विरोधकांवर, विश्वासदर्शकात सरकारवर. जुलै १९९३ मध्ये नरसिंह रावांचं सरकार अविश्वास ठरावावर २५१ विरुद्ध २६५ ने वाचलं. त्यातली काही मतं पैशाने घेतल्याचं प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९८ मध्ये लाच घेऊन मत देणाऱ्या खासदारांना संरक्षण मिळालं, आणि ते संरक्षण मोडायला ४ मार्च २०२४ चा सात न्यायाधीशांचा निकाल यावा लागला. पुस्तिकेत ‘घोडेबाजार’ हा एक शब्द लिहून हा विषय संपवला आहे. तो इतक्यात संपत नाही.

घंटेबद्दल तक्रार आहे. नियम ३६७ प्रमाणे आवाजी मतदानाचा कौल कुणी मानला नाही की अध्यक्ष लॉबी मोकळी करायला सांगतात, साडेतीन मिनिटांनी प्रश्न दुसऱ्यांदा विचारतात, आणि तेव्हाही कौल मानला नाही तर मतं नोंदवली जातात. दारं बंद झाल्यावर आत येता येत नाही. कार्यक्रमात वेळ वाचवायला घंटा एकच मिनिट वाजवतात. इथे सगळी गंमत जाते आणि शिकवणही जाते. साडेतीन मिनिटांत प्रतोदाला, म्हणजे पक्षाची माणसं मतदानाला आणणाऱ्याला, यादी घेऊन कँटीन, व्हरांडा, फोनवर बोलणारा सदस्य, औषध घ्यायला खाली गेलेल्या काकू, सगळ्यांना गाठायचं असतं. ते धावणं म्हणजेच अल्पमतातलं सरकार. लंडनमध्ये २८ मार्च १९७९ रोजी कॅलाहन यांचं सरकार ३१० विरुद्ध ३११ ने पडलं. त्यांच्या पक्षाचे सर आल्फ्रेड ब्रॉटन आजारपणामुळे येऊ शकले नव्हते. घंटा पूर्ण साडेतीन मिनिटं वाजवा, असं आयोजकांना आधीच सांगून ठेवावं. जिन्यावर कुणी पडू नये म्हणून सभागृह तळमजल्यावरचं घ्यावं.

सर्वांत मोठी चूक पक्षादेशाची. खेळात कुणी पक्षादेश मोडून मत दिलं तर संचालक ती चिठ्ठी फाडतात आणि मत बाद धरतात. प्रत्यक्षात असं होत नाही. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे, म्हणजे पक्षांतरबंदीच्या कायद्याप्रमाणे, आदेशाविरुद्ध मत देणं किंवा मत न देणं, दोन्हींमुळे सदस्यत्व जाऊ शकतं. पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं तर जात नाही. पण निर्णय नंतर होतो. मत त्या दिवशी मोजलं जातं. १७ एप्रिल १९९९ ला नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी पक्षाचा आदेश डावलून वाजपेयी सरकारविरुद्ध मत दिलं. पक्षाने त्यांना नंतर काढलं, पण मत मोजलं गेलं होतं आणि सरकार गेलं होतं. चिठ्ठी फाडल्याने खेळणाऱ्यांना वाटतं की कायद्याने बंडखोरी अशक्य केली आहे. कायद्याने ती फक्त महाग केली आहे. एका मतावर लटकलेल्या सरकारसाठी या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. चिठ्ठी पेटीत पडू द्यावी आणि त्या सदस्याला पुढच्या फेरीत बाहेर बसवावं, एवढाच बदल पुरे. तीन जणांच्या पक्षातल्या दोघांना दोन-तृतीयांश म्हणून विलीनीकरणाची वाट मोकळी ठेवली आहे, ते मात्र अचूक आहे. अपक्षांना आदेश काढणारं कुणी नसतं, त्यामुळे दुपारपर्यंत त्या दोघांच्या खुर्च्यांभोवती घोळका जमतो. ते अगदी खरं उतरलं आहे.

१९९९ च्या मतदानावर वेगळा अर्धा तास आहे. ग्वाल्हेरात तो असायलाच हवा. अटलजी इथले, शिंदे की छावणीतले, व्हिक्टोरिया कॉलेजचे. त्यांची तेरा दिवसांची आणि तेरा महिन्यांची सरकारं इथल्या घराघरांत पाठ आहेत. त्या दिवशी या शहराचे खासदार माधवराव शिंदे विरोधी बाकांवर होते, हेही इथे सांगायला हवं होतं, राहून गेलं. अण्णाद्रमुकने पाठिंबा काढल्यावर राष्ट्रपती नारायणन यांनी सरकारला विश्वासमत घ्यायला सांगितलं आणि ठराव २६९ विरुद्ध २७० असा पडला. गिरिधर गमांग ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, पण लोकसभेचा राजीनामा दिला नव्हता. अध्यक्ष बालयोगी यांनी मत द्यायचं की नाही हे त्यांच्या विवेकावर सोडलं. संचालक इथे म्हणतात, ‘गमांग आले नसते तर सरकार वाचलं असतं.’ गणित करून पाहा. गमांग नसते तर २६९-२६९, म्हणजे बरोबरी, आणि मग बालयोगींचं निर्णायक मत. सरकार थेट वाचलं असतं ते सोझ यांनी आदेश पाळला असता तर : २७०-२६९.

बरोबरीबद्दल पुस्तिका म्हणते की ठराव आपोआप पडतो. चूक. अध्यक्ष एरवी मत देत नाहीत, पण समसमान झाल्यास त्यांना निर्णायक मत द्यावंच लागतं. कॅनडात १९ मे २००५ रोजी पॉल मार्टिन यांच्या अल्पमतातल्या सरकारचं अर्थसंकल्पाशी जोडलेलं विधेयक १५२-१५२ वर अडकलं आणि सभापती पीटर मिलिकेन यांनी चर्चा पुढे चालू राहावी म्हणून बाजूने मत दिलं. अध्यक्षपद कुणाला द्यायचं यावर अल्पमतातली सरकारं इतका विचार का करतात, ते यावरून कळतं. २५ मधला एक माणूस खुर्चीत गेला तर बाकावर २४ उरतात. खेळात अध्यक्ष बाहेरचा घेतल्यामुळे हा पेच येतच नाही.

तिसरी फेरी अर्थसंकल्पाची, आणि ती अगदीच उरकलेली : पंचवीस मिनिटं, एक आवाजी मतदान. वास्तविक सरकारची कसोटी इथे रोज लागते. कपात सूचना तीन प्रकारच्या : धोरण नाकारायला मागणी १ रुपयावर आणणारी, ठरावीक रक्कम कमी करणारी, आणि गाऱ्हाणं मांडायला १०० रुपये कमी करणारी. यातली एक जरी मंजूर झाली तरी सरकारने सभागृहाचा विश्वास गमावला असं धरतात. म्हणून वेळ ठरवून उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकल्या जातात, म्हणजे मतदानाचे प्रसंग कमी आणि माणसं गोळा ठेवायचा दिवस एकच. २७ एप्रिल २०१० ला विरोधकांच्या कपात सूचना २०१ विरुद्ध २८९ ने पडल्या, तेव्हा मायावतींच्या पक्षाने सरकारला मत दिलं आणि समाजवादी पक्ष व राजद बाहेर गेले. या फेरीला किमान दीड तास द्यावा, पाच मागण्या आणि दोन कपात सूचना ठेवाव्यात, आणि कुठल्या मागण्या एकत्र मताला टाकायच्या हे सरकार पक्षाला ठरवू द्यावं.

आणखी एक उणीव. खेळात मतदानाआधी राजीनामा देण्याची सोयच नाही. चौधरी चरणसिंग १९७९ मध्ये लोकसभेला सामोरे न जाताच गेले. अटलजींनी २८ मे १९९६ ला भाषण केलं आणि मतदान न घेता राष्ट्रपतींकडे गेले. मध्य प्रदेशात कमलनाथ २० मार्च २०२० ला बहुमत चाचणीआधीच पायउतार झाले. त्या वेळी ज्योतिरादित्य शिंद्यांच्या मागोमाग २२ आमदारांनी राजीनामे दिले होते. २३० च्या सभागृहात आधीच २ जागा रिकाम्या, त्यात हे २२. उरले २०६, बहुमत १०४. आमदार पक्षाविरुद्ध मत देत नाहीत, संख्याच खाली आणतात. १९६७ मध्ये राजमाता विजयाराजे शिंद्यांच्या पाठबळावर ३६ काँग्रेस आमदारांनी द्वारकाप्रसाद मिश्रांचं सरकार पाडलं, तेव्हा पक्षांतरबंदी नव्हती. सरळ बाकं बदलली. एकाच शहराशी जोडलेल्या या दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्या तर १९८५ च्या कायद्याने काय बदललं आणि काय नाही, ते दहा मिनिटांत समजतं. आयोजकांनी हे साहित्य हातचं घालवलं आहे.

शेवटचा अर्धा तास परदेशांचा. त्यातलं स्वीडनचं उदाहरण उत्तम निवडलं आहे : नोव्हेंबर २०२१ मध्ये मॅग्दालेना आंदरसन ११७ होकार, १७४ नकार आणि ५७ तटस्थ अशा मतांवर पंतप्रधानपदी निवडून आल्या, कारण तिथे विरोधात १७५ मतं पडत नाहीत तोवर निवड टिकते. बाकी देश नावापुरते.

बोलवणाऱ्यांसाठी : ५५ पेक्षा कमी, पण निदान ४५ माणसं असतील तर सरकार २०, विरोधी १९, प्रादेशिक ३, अपक्ष २ असं करावं, बरोबरीचं गणित टिकतं. त्याहून कमी केलं तर एका माणसाच्या चहाला जाण्याने खेळ संपतो. इथली तरुण मंडळी हिंदी बातम्यांमुळे ‘सचेतक’, ‘कटौती प्रस्ताव’, ‘विश्वास मत’ असं म्हणतात. पुस्तिकेच्या शेवटी प्रतोद, कपात सूचना, मतविभागणी, लेखानुदान या शब्दांची जोडयादी आहे, ती आधी वाटून ठेवावी. जेवण मतदानाच्या फेरीआधी कधीही ठेवू नये. अर्धं सभागृह उशिरा परततं आणि गणपूर्तीचा, म्हणजे एक-दशांशाचा, नियम तपासायची वेळ येते. मे-जूनच्या उन्हात पूर्ण दिवस जड जातो, त्यामुळे तारीख नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली घ्यावी आणि चिठ्ठ्यांचे गठ्ठे आदल्या संध्याकाळीच मोजून घ्यावेत. पिवळ्या चिठ्ठ्या संचात दरवेळी कमी निघतात.