थायलंड, पोर्तुगाल की दुबई? निवृत्ती व्हिसासाठी कोकणातल्या जोडप्याने पैसा कसा दाखवावा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या निवृत्त जोडप्याकडे ऐपत बऱ्यापैकी असते, पण ती व्हिसा अधिकाऱ्याला दिसेल अशा जागी नसते. कलमांची बाग, रस्त्यालगतचे दहा गुंठे, कपाटातलं सोनं. सातबाऱ्यावर भावकीतली अकरा नावं. यातलं काहीच निवृत्ती व्हिसाच्या हिशेबात धरलं जात नाही. तिथे मुख्यतः दोनच गोष्टी मोजतात: दरमहा खात्यात येणारी रक्कम आणि बँकेत पडून असलेली रक्कम. देश निवडताना आपली बाजू यातल्या कशात भक्कम आहे, हे आधी पाहावं.

खालचे आकडे बाट पावणेतीन रुपये, युरो 105 आणि दिरहॅम 24 रुपये धरून काढले आहेत. अर्जाच्या वेळी त्या दिवसाचा दर घ्यावा.

थायलंडला वयाची अट 50 वर्षं. बँकेत 8 लाख बाट, म्हणजे साधारण 22 लाख रुपये; किंवा दरमहा 65,000 बाट, म्हणजे पावणेदोन लाखांच्या वर; किंवा वर्षाची मिळकत आणि ठेव मिळून 8 लाख बाट. नवरा-बायकोपैकी एकाने अट पुरी केली तर दुसऱ्याला अवलंबित म्हणून राहता येतं, त्यासाठी विवाहाचा दाखला लागतो.

पोर्तुगालचा डी-7 व्हिसा नियमित मिळकतीवर चालतो: पेन्शन, घरभाडं, व्याज, लाभांश. किमान मिळकत तिथल्या किमान वेतनाइतकी. 2025 मध्ये ती महिना 870 युरो होती. जोडीदारासाठी आणखी निम्मी, म्हणजे दोघांना 1,305 युरो, साधारण 1 लाख 37 हजार रुपये. शिवाय वर्षभराची तेवढीच रक्कम पोर्तुगालच्या बँकेत ठेवलेली आणि राहण्याच्या जागेचा करार मागतात. पाच वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. थायलंडमध्ये मात्र राहण्याची मुदतवाढ दरवर्षी नव्यानेच घ्यावी लागते.

स्पेनचं नाव निघतंच, म्हणून सांगून ठेवतो: तिथे दोघांना महिना 3,000 युरो दाखवावे लागतात. पोर्तुगालच्या दुपटीहून जास्त.

दुबईला वय 55 आणि आयुष्यात किमान 15 वर्षं नोकरी झालेली हवी. मग महिना 15,000 दिरहॅम मिळकत, किंवा 10 लाख दिरहॅमची तीन वर्षांची ठेव, किंवा तेवढ्या किमतीची तिथली मालमत्ता. रुपयांत 2 कोटी 40 लाख. व्हिसा पाच वर्षांचा. कोकणातल्या पुष्कळ घरांतली मुलं आखातात आहेत. तसं असेल तर आधी मुलाच्या पगारावर आई-वडिलांचा व्हिसा निघतो का ते बघा. अडीच कोटी अडकवण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

आता एक घर धरू. निवृत्त शिक्षकांना 50 हजार पेन्शन, बाई गृहिणी, बाग मध्यम. 2025 च्या आकड्याने पोर्तुगालसाठी दरमहा 87 हजार कमी पडतात. सात टक्के व्याजाने तेवढे मिळवायला दीड कोटीची ठेव लागेल. थायलंडला हेच घर 22 लाखांत बसतं. दोघांनाही पेन्शन असेल आणि शहरातला फ्लॅट भाड्याने दिलेला असेल, तर मात्र पोर्तुगालचा विचार जरूर करावा.

आंब्याचं उत्पन्न दाखवणं सगळ्यात अवघड. वाशीच्या दलालाची पट्टी, त्यावर पेट्या, दर, भाडं आणि हमाली वजा जाता उरलेली रक्कम. तीही दोन-अडीच महिनेच, आणि मोहोर गळाला त्या वर्षी निम्मी. अधिकाऱ्याला ही नियमित मिळकत वाटत नाही. बाग कराराने देऊन रक्कम हप्त्याहप्त्याने खात्यात घेतली, आणि करमुक्त असली तरी शेतीची मिळकत आयकर विवरणपत्रात दाखवली, तर किमान पूरक पुरावा होतो. मुदत ठेवीचंही तसंच: व्याज मुदतीच्या शेवटी मिळणार असेल तर खातेउताऱ्यावर काहीच दिसत नाही. अर्जाच्या वर्षभर आधी ती मासिक व्याजाची करून घ्या.

पैसे बाहेर पाठवताना रिझर्व्ह बँकेची मर्यादा माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. दुबईचे 10 लाख दिरहॅम 2 लाख 72 हजार डॉलरच्या घरात जातात, म्हणजे एका नावावर एका वर्षात जातच नाहीत. 31 मार्चच्या अलीकडे-पलीकडे दोन हप्ते करावे लागतात. थायलंडच्या 22 लाखांना ही अडचण नाही, पण टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ कापला जाणारा कर, आहे. वर्षाला 10 लाखांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के कापते. एकदम पाठवले तर 2 लाख 40 हजार अडकतात. 10 लाख मार्चमध्ये आणि 12 लाख एप्रिलमध्ये पाठवले तर फक्त 40 हजार. विवरणपत्र भरल्यावर हे पैसे वळते होतात, पण तोवर हाताशी नसतात.

विकायचीच वेळ आली तर सोनं किंवा फ्लॅट विका, बाग नको. कायमचं राहायला गेलात की तुम्ही अनिवासी ठरता. असलेली शेतजमीन ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही. एकदा गेलेली बाग परत मिळवायचा रस्ता बंद होतो. साधी बचत खातीही अनिवासी खात्यांत बदलून घ्यावी लागतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

थायलंडच्या मुदतवाढीत अर्ज अडतो तो बहुतेक तारखांवर. 8 लाख बाट अर्जाआधी दोन महिने अर्जदाराच्याच नावावर हवेत, मंजुरीनंतर तीन महिने हलवायचे नाहीत, आणि पुढे वर्षभर शिल्लक 4 लाखांखाली जाता कामा नये. म्हणजे औषधपाण्याचा पैसा या खात्यात धरूच नका, वेगळा ठेवा. ओ-ए प्रकारात, म्हणजे निघण्याआधी मायदेशातूनच काढायच्या वर्षभराच्या व्हिसात, 30 लाख बाटचा आरोग्य विमाही लागतो; सत्तरीनंतर तो मिळणं कठीण आणि महाग, तेव्हा विम्याची चौकशी तिकिटाआधी करा. मधेच गावी यायचं असेल, गणपतीला म्हणा, तर निघण्यापूर्वी पुनर्प्रवेशाचा परवाना काढा: एका वेळेसाठी 1,000 बाट, अनेक वेळांसाठी 3,800. तो नसला तर देश सोडताच मुदतवाढ रद्द होते.

अर्जाच्या दिवशी सकाळी बँकेत जाऊन खात्यात शंभर बाट भरा आणि पासबुक छापून घ्या, म्हणजे त्याच तारखेची नोंद दिसते. बँकेचं पत्रही तेव्हाच घ्या.