फॅमोसोचा मार्च मीट : दापोडीच्या बॉडी शॉपच्या नजरेतून

कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळ फॅमोसोला मार्च मीट नावाची ड्रॅग रेस भरते, सरळ रस्त्यावर दोन-दोन गाड्यांची शर्यत. तिथे जायचं तर आधी कानांचं सांगतो. कापसाचे बोळे चालत नाहीत.

मी 34 वर्षं एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये काढली, त्यातली बहुतेक बॉडी शॉपला. पत्रा ठोकणं, रिव्हेट मारणं, ग्राइंडर, सगळं या कानांनी पचवलंय. म्हणून लेक म्हणाली, "बाबा, इअर मफ घेऊन जा," तेव्हा मी हसलो आणि खिशात कापूस टाकला. नायट्रोवर, म्हणजे शर्यतीच्या खास इंधनावर चालणारं पहिलं इंजिन दहा-बारा फुटांवर सुरू झालं आणि दाढेत भरलेलं सिमेंट हललं की काय असं वाटलं. हा आवाज कानात शिरायच्या आधी बरगड्यांत शिरतो. ज्यांच्याबरोबर गेलो होतो ते लेकीचे शेजारीबुवा (वय 78, जन्म इथलाच), त्यांनी काही न बोलता पिशवीतून फोमच्या गोळ्या काढून दिल्या आणि वरून मफ चढवले. आत गोळ्या, वर मफ, दोन्ही लागतात. स्वतः त्यांनी मात्र कानांतली दोन्ही श्रवणयंत्रं काढून शर्टाच्या खिशात ठेवली. तरुणपणी त्यांच्यातलं कोणीच मफ घालत नसे, त्यामुळे आता गरज उरलेली नाही.

लेक-जावई बेकर्सफील्डला राहतात. आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी आलो होतो. युनिव्हर्सल स्टुडिओ झाला, वेगास झालं, ग्रँड कॅन्यनला हिचे गुडघे धरले. आई-वडील आले की सगळे त्यांना हेच दाखवतात. वडील आयुष्यभर गॅरेजात, डेपोत, कारखान्यात राबलेले असतील तर त्यांना मार्चमध्ये फॅमोसोला न्या, एवढ्यासाठी हे लिहितोय. तिकिटाचा आकडा देत नाही, तो बदलत राहतो. मी गेलो तो रविवार होता, म्हणजे बाद फेऱ्यांचा दिवस. एकच दिवस जमणार असेल तर रविवारच धरा, कारण पुढे येईल.

जागा बेकर्सफील्डच्या उत्तरेला, 99 नंबरच्या हायवेने अर्ध्या तासावर. दोन्ही बाजूंना बदामाच्या बागा, झाडाखाली पांढऱ्या पाकळ्यांचा सडा. मधोमध एक सरळसोट रस्ता, 1,320 फूट, म्हणजे पाव मैल. पस्तीस-छत्तीस एसट्या बंपरला बंपर लावून उभ्या केल्या तर भरेल इतकाच. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, खांबावरचे दिवे वरून खाली लागत येतात, हिरवा झाला की सुटायचं. वळण नाही, फेरी नाही, पावणेसहा-सहा सेकंदांत खेळ खलास. हे ऐकून मी लेकीला विचारलं होतं, "यासाठी तिकीट?"

मार्च मीट इथे 1959 पासून आहे. तेव्हाची गोष्ट शेजारीबुवांनी गाडी चालवता चालवता सांगितली. ड्रॅग रेसिंगची मोठी संघटना एनएचआरए. तिने 1957 साली नायट्रोमिथेनवर, म्हणजे याच नायट्रोवर, बंदी घातली होती, फक्त पेट्रोलवर पळा म्हणून. बेकर्सफील्डच्या स्मोकर्स नावाच्या क्लबने ते मानलं नाही. त्यांनी इथे नायट्रोवाल्यांची शर्यत लावली आणि पार फ्लोरिडाहून डॉन गार्लिट्स या रेसरला बोलावलं. त्याच्या वेगाचे आकडे कॅलिफोर्नियावाल्यांना खोटे वाटत होते, म्हणून त्याला हरताना बघायला तोबा गर्दी लोटली. जिंकला कॅलिफोर्नियाचाच आर्ट क्रिसमन. बुवा तेव्हा शाळकरी, वडलांच्या पिकअपच्या हौद्यात बसून आलेले. संघटनेने पुढे बंदी उठवली, पण सगळ्यांत मोठ्या धुराचं गाव म्हणून फॅमोसोचं नाव तेव्हाच झालं होतं.

आता फनी कार, इथे पळणाऱ्या गाड्यांचा एक प्रकार. मला वाटलं होतं जोकरछाप गाड्या असतील. नाव पडलं ते 1964-65 च्या सुमारास. ड्रॅग रेसमध्ये सुटताना मागच्या चाकांवर जितकं वजन येईल तितकी पकड. म्हणून क्रायस्लरने 1965 साली काही प्लिमथ आणि डॉज गाड्यांचा मागचा अॅक्सल 15 इंच पुढे सरकवला, पुढची चाकंही 10 इंच पुढे ओढली. बॉडी तिथेच, चाकं भलतीकडे. लोक बघून म्हणाले, ही गाडी जरा गमतीशीर दिसते. तेच नाव चिकटलं. तशी एक जुनी गाडी तिथे नुसती बघायला उभी होती. मी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या. मागचं चाक दाराला जवळजवळ टेकलेलं, मागे डिकी लोंबतेय. आमच्याकडे चॅसीवर बॉडी अर्धा इंच तिरकी बसली तरी इन्स्पेक्टर परत पाठवायचा, आणि इथे कंपनीच पंधरा इंच सरकवते! पण चाकाच्या कमानीचा कापलेला पत्रा परत वळवून ज्यानं कड मारली होती, त्याचा हात चांगला होता. तेवढं मान्य करायला हवं.

त्यानंतरची पायरी जास्त मोठी. 1966 साली डॉन निकल्सन आणि मर्क्युरी कंपनीच्या इतर एक-दोन ड्रायव्हरांनी कॉमेट गाड्या आणल्या, त्यांत खाली लोगी बंधूंनी बनवलेली नळ्यांची चॅसी आणि वर अख्खी एका तुकड्याची फायबरग्लासची बॉडी, मागच्या बाजूला बिजागरीवर बसवलेली. पुढून उचलली की पेटीच्या झाकणासारखी वर. दारं खोटी, हेडलाइट रंगवलेले. त्या दिवसापासून फनी कार म्हणजे हीच. इंजिन पुढे, ड्रायव्हर त्याच्या मागे, आणि दोघांवर मिळून ते झाकण. इंजिन पेटलं तर आग आतल्या आत ड्रायव्हरच्या अंगावर, म्हणून टपाला पळायची झडप असते.

आणि इथेच तिकीट वसूल होतं. शर्यत बघायला जाऊ नका, पिट, म्हणजे गाड्या खोलून दुरुस्त करतात ती जागा, बघायला जा. तुमच्या त्याच तिकिटात पिटमध्ये हिंडता येतं. फक्त एक दोरी बांधलेली असते, तिच्यापलीकडे चार पावलांवर अख्खं इंजिन उघडं पडलेलं. मी दापोडीत चौतीस वर्षं असताना मला हे बघायला कोणी तिकीट लावलं नाही म्हणा, पण तिथे एक इंजिन उतरवायचं म्हणजे जॉब कार्ड आलं, सह्या आल्या, चहा आला. इथे फेरी संपवून गाडी ओढत आणतात, झाकण उचलून खाली काठीचा टेकू देतात आणि पाच-सहा माणसं तिच्यावर तुटून पडतात. एक जण प्लग काढून ओळीने लावतो, प्रमुख भिंग लावल्यासारखा एकेक प्लग डोळ्याजवळ धरून वाचतो. दोघं हेड उतरवतात. एक पाठीवर झोपून ऑइल पॅन सोडतो आणि बेअरिंग काढून अंगठ्याने चाचपतो. क्लचच्या प्लेटा निघतात, त्या निळ्या पडलेल्या असतात. कोणी ओरडत नाही, कोणी पाना मागत नाही, हात पुढे केला की त्यात पाना असतो. एका टीममध्ये आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्या पॅराशूटची घडी घालत होत्या, आपल्याकडे नऊवारीची घालतात तशी हाताने दाबून. ते पॅराशूट उघडलं नाही तर ताशी चारशे किलोमीटरवरून गाडी थांबवायला नुसते ब्रेक पुरत नाहीत. रविवारी दोन फेऱ्यांच्या मध्ये हे सगळं करायचं असतं, म्हणून रविवार म्हटलं.

इंजिनाच्या डोक्यावर एक भला मोठा अॅल्युमिनियमचा ठोकळा असतो, हवा आत ढकलणारा ब्लोअर. त्याकडे बोट दाखवून शेजारीबुवा म्हणाले, "बस." मी मागची घडीची खुर्ची ओढून बसलो. ते पुन्हा म्हणाले, "बस! बस!" मी म्हटलं, बसलोय. मग त्यांनी हवेत स्टिअरिंग फिरवून दाखवलं तेव्हा ट्यूब पेटली. हा ब्लोअर मुळात जनरल मोटर्सच्या 6-71 नावाच्या टू-स्ट्रोक डिझेलचा, सहा सिलिंडर, प्रत्येकी 71 घन इंच. ती इंजिनं इथल्या ट्रकांत आणि बसमध्ये असायची. भंगारातून तो ब्लोअर काढून पोरांनी शर्यतीच्या इंजिनावर बसवला, आणि नाव अजून तेच चालतं. म्हणजे ताशी अडीचशे मैल पळणाऱ्या या राक्षसाच्या डोक्यावर बसचा पार्ट! हे कळल्यावर माझी मान जरा ताठ झाली.

नायट्रोचं गणित जावयानं नंतर समजावलं. एक किलो पेट्रोल जाळायला 14.7 किलो हवा लागते, नायट्रोला फक्त 1.7, कारण तो आपला ऑक्सिजन अंगातच घेऊन येतो. तेवढ्याच हवेत आठपटीहून जास्त इंधन कोंबता येतं. किलोमागे ताकद पेट्रोलच्या पाव पट असली, तरी एकूण हिशोब दुपटीच्या वर जातो. हे झालं कागदावरचं. पिटमध्ये गाडी गरम करतात तेव्हा त्याचा धूर येतो आणि मिरचीच्या फोडणीत तोंड घातल्यासारखं होतं. डोळ्यांतून धारा, नाक, घसा, सगळं. शंभरेक माणसं दोरीला चिकटून खोकताहेत, रडताहेत आणि एकही मागे हटत नाही. सूचना: दमा असेल तर जाऊ नका. गंमत नाही, खरंच जाऊ नका. लहान मुलांना लांबूनच दाखवा.

शर्यतीबद्दल फार लिहीत नाही. चाकं जाळून धूर काढतात, मागे येतात, उभ्या राहतात, आणि मग पाइपांतून ज्वाळा वर येतात आणि गाडी तिथे नसते. मी पहिल्या तीन वेळा चुकीच्या ठिकाणी बघत होतो.

गैरसोय एकच, पण मोठी. इंजिन फुटून रस्त्यावर तेल सांडलं की ते पुसेपर्यंत सगळं ठप्प. आम्ही गेलो त्या दिवशी दोनदा झालं. वर वारं, खाली तापलेला बाक. टोपी आणि पाणी न्या. आम्ही घरून थेपले आणि लसणाची चटणी नेली होती, ती बुवांनी ब्रेडला लावून खाल्ली आणि नायट्रोपेक्षा कमी आहे असा निकाल दिला.

तेल पुसायच्या त्या वेळातच बुवांच्या आठवणी ऐकल्या. लाँग बीचजवळ लायन्स नावाची ड्रॅग रेसची पट्टी होती, 1955 ला सुरू झालेली. 2 डिसेंबर 1972 च्या रात्री तिथे शेवटची शर्यत झाली, तिला हे हजर होते. प्रेक्षकांच्या बाकाची एक फळी त्या रात्री त्यांच्याबरोबर घरी आली, ती आजही त्यांच्या गॅरेजात आहे आणि तिच्यावर रंगाचे डबे ठेवलेत. मग फनी कारवाल्या जंगल जिम लिबरमनचं सांगितलं. हा माणूस चाकं जाळत सुसाट पुढे जायचा आणि तितकाच सुसाट रिव्हर्स यायचा, लोक त्या रिव्हर्ससाठी पैसे द्यायचे. 1969 साली पोमोनाच्या विंटरनॅशनल्स शर्यतीत एनएचआरएने फनी कारला पहिल्यांदा स्वतंत्र गट दिला, तेव्हा जिंकली ती त्याचीच दुसरी गाडी, चालवणारा क्लेअर सँडर्स. जिम 1977 साली गेला, पण पट्टीवर नव्हे. पेनसिल्व्हेनियात साध्या रस्त्यावर, त्याची कॉर्व्हेट समोरून येणाऱ्या बसवर आदळून. मी बसच्या बॉडीचं काम करायचो हे बुवांना आधीच माहीत होतं. त्यांनी "बस" हा शब्द उच्चारला आणि गप्प झाले. मीही काही बोललो नाही. असे पंचनामे मी पाहिलेत, बॉडी शॉपला ती बस नंतर येते.

नातवाकडे खेळण्यातल्या दोन गाड्या आहेत, पिवळी आणि लाल, दोन्हींची बॉडी वर उचलते. त्या खऱ्या होत्या हे मला माहीत नव्हतं. पिवळी डॉन प्रुधोमची, म्हणजे 'स्नेक'ची, लाल टॉम मॅकइवनची, म्हणजे 'मुंगूस'ची. 1970 साली खेळणी बनवणाऱ्या मॅटेलने दोघांना पैसे दिले आणि साप-मुंगसाचा खेळ गावोगाव फिरवला. आपल्याकडचे गारुडी हेच करायचे. 1978 साली इंडियानापोलिसला अंतिम फेरीत मुंगसाने सापाला हरवलं, मॅकइवनचा मुलगा रक्ताच्या कर्करोगाने जाऊन काहीच दिवस झाले होते. हे सांगताना बुवांनी यंत्रं परत कानात घातली, उगाच.

शेवटच्या फेऱ्यांच्या आधी मी एका निळ्या गाडीच्या दोरीपाशी उभा होतो. झाकण वर उचललेलं. सगळे इंजिनात. माझी नजर सवयीने बिजागरीवर गेली. उजव्या बिजागरीच्या बोल्टपासून फायबरमध्ये केसाएवढी चीर निघाली होती, चार बोटं लांब. फायबर असो की पत्रा, चीर अशीच बोल्टापासून सुरू होते आणि बोल्टापासून लांब पळते. इंग्रजी सुचेना. "एक्स्क्यूज मी" म्हणून बोट दाखवलं, मग दोन बोटं एकमेकांपासून लांब नेऊन दाखवली. विशीतलं पोर होतं, आलं, वाकून पाहिलं, नखाने चाचपलं आणि आत कोणाला तरी हाक मारली. दाढीवाला प्रमुख आला, त्यानंही नख फिरवलं. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, आतून-बाहेरून रुंद टेप मारला, दोनदा दाबला. मला दोरीवरून हात मिळवला, माझ्या तळहाताला तेल लागलं. भोक पाडलं हे पाहून मला बरं वाटलं. आम्हीही तेच करतो.

ती फेरी मी घड्याळाकडे न बघता पाहिली. निळी गाडी हरली. ओढत परत आणली तेव्हा मी आधीच दोरीपाशी जाऊन उभा होतो. टेप जागेवर होता.